घडीपासून सुरुवात: हाताने फोटोपुस्तक बांधायचं ठरवलंय?

मी हाताने बांधलेलं पहिलं फोटोपुस्तक आजही धड उघडं राहत नाही. हात काढला की मिटतं, आणि मिटल्यावर पानांच्या पुढच्या कडेला पन्हळी पत्र्यासारख्या लाटा दिसतात. छायाचित्रं बरी होती. छपाईवर तर मी महिनाभर जीव टाकला होता. आधी फोटो निवडले, मग ते हौसेने भारी कागदावर छापले, आणि सगळ्यात शेवटी विचार केला की आता हे बांधायचं कसं. चूक तिथेच झाली होती.

हाताने केलेलं पुस्तक उलट्या दिशेने आखावं लागतं. पान कुठे दुमडणार, किती उघडणार, कणा, म्हणजे पानं जिथे बांधली जातात ती बाजू, किती जाड होणार हे आधी ठरतं. कोणता फोटो कुठे बसेल हे त्यावरून ठरतं. या लेखात एक छोटं पुस्तक डोळ्यांसमोर ठेवलं आहे: पान २० सेंमी रुंद, २५ सेंमी उंच, आणि १२ स्प्रेड. स्प्रेड म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन पानं मिळून होणारा पट. पहिल्या खेपेला याहून मोठं काही हाती घेऊ नका.

बांधणी कोणती?

सुरुवात करणाऱ्याला तीन-चार प्रकार पुरतात. आठ-बारा पानांची पुस्तिका असेल तर सगळे ताव एकात एक घालून मधल्या घडीवर तीन किंवा पाच भोकं पाडून शिवायचे. तासाभराचं काम आहे, हात बसवायला उत्तम. अ‍ॅकॉर्डियन म्हणजे एकच लांब पट्टी पंख्यासारखी दुमडलेली. ती टेबलावर पूर्ण उलगडून मांडता येते, त्यामुळे एका रस्त्याची, नदीची किंवा एका दिवसाची चित्रमालिका असेल तर शोभून दिसते. जपानी पद्धतीची बांधणी, म्हणजे कडेने भोकं पाडून वरून दिसेल अशी शिवण, देखणी असते. पण ती डाव्या कडेचा दोन-अडीच सेंमी भाग गिळते आणि पुस्तक कधीच सपाट उघडत नाही. फोटोंसाठी मी ती टाळतो. लोक तिच्या दिसण्यावर भाळून ती निवडतात आणि मग अर्धा चेहरा शिवणीत गेला म्हणून हळहळतात.

आपल्या पुस्तकासाठी मी सुचवेन ती ड्रम लीफ बांधणी. हिच्यात दोरा नाहीच. प्रत्येक ताव एकाच बाजूने छापायचा, चित्र आत येईल असा मधोमध दुमडायचा, असे दुमडलेले ताव एकावर एक रचून कण्याच्या बाजूने चिकटवायचे आणि मग शेजारच्या तावांच्या कोऱ्या पाठी पुढच्या कडेला एकमेकींना जोडायच्या. हाताला लागणारं प्रत्येक पान त्यामुळे दुहेरी होतं. फायदा मोठा आहे: प्रत्येक स्प्रेड हा एकच अखंड कागद असतो, मध्ये ना दोरा ना फट, आणि पुस्तक सपाट उघडतं. शिवाय छपाईचे बहुतेक चांगले कागद एकाच बाजूने शाई धरणाऱ्या थराने लेपलेले असतात. दोन्ही बाजूंनी छापता येणारा कागद शोधत फिरावं लागत नाही.

फोटो निवडा, पण भिंतीवर

निवड संगणकाच्या पडद्यावर करू नका. साठ-सत्तर फोटोंचे पत्त्यांएवढे स्वस्त प्रिंट काढा आणि भिंतीवर चिकटवा किंवा जमिनीवर पसरा. आठवडाभर तिथेच राहू द्या. येता-जाता नजर पडते, आणि चौथ्या दिवशी कळतं की ज्या फोटोवर आपण सगळ्यात खूश होतो तोच बाकीच्यांशी बोलत नाही. तो काढायचा. वाईट वाटतं, पण काढायचा.

बारा स्प्रेडमध्ये बारा ते अठरा फोटो पुरे. काही स्प्रेडवर एकच फोटो उजवीकडे आणि डावं पान कोरं ठेवा. कोरं पान वाया गेलेलं नसतं, तिथे वाचणारा श्वास घेतो. दोन फोटो समोरासमोर ठेवताना ते एकाच जागेचे किंवा एकाच दिवसाचे असण्याची गरज नाही. एकातली तिरकी रेघ दुसऱ्यात पुढे चालू राहिली, किंवा एकातला प्रकाश दुसऱ्यात विझत गेला, की जोडी जमते. आणि फोटो दोन्ही पानांवर पसरणार असेल तर घडी नेमकी कशावर येते ते बघा. नाकावर, डोळ्यावर, क्षितिजावरच्या एकुलत्या एका माणसावर घडी आली की खेळ खलास.

एक तांत्रिक गोष्ट क्रम लावतानाच लक्षात ठेवावी. मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या, कागदावर पिगमेंट शाईचे (रंगाचे बारीक कण असलेली शाई) गडद काळे भाग एकमेकांवर घासले की पांढुरके चरे उठतात. ड्रम लीफमध्ये समोरासमोरची पानं चेहऱ्याला चेहरा लावून मिटतात. म्हणून दोन रात्रीचे फोटो समोरासमोर ठेवण्याआधी दोनदा विचार करा. एक काळाभोर आणि समोर कोरं पान, हे बऱ्याचदा दिसायलाही छान असतं आणि टिकायलाही.

डमी

साध्या कागदावर, खऱ्या मापाची, खऱ्या पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, केल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरच्या प्रिंटरवरची कृष्णधवल छपाई चालेल. स्टेपल मारा, गोंद लावा, काहीही करा, पण पानं उलटता आली पाहिजेत. पडद्यावर आपण क्रम पाहतो; हातात आल्यावर पान उलटायला लागणारा वेळ आपल्याला जाणवतो. माझ्या एका पुस्तकात सहाव्या पानावर मी सलग तीन वेळा न थांबता पुढे गेलो. तो फोटो तिथे नकोच होता, हे हाताला आधी कळलं.

दुसरी डमी कोरी, पण खऱ्या कागदाची. तिच्यातून जाडी कळते. कागद ०.३ मिमी जाडीचा असेल, बारा चित्रांचे ताव आणि पुढे-मागे एकेक कोरा असे चौदा ताव धरले, तर दुमडून अठ्ठावीस थर होतात: ८.४ मिमी. हा आकडा कव्हर करताना लागेल. कोरी डमी करताना ज्या चुका होतील त्या छापलेल्या कागदावर होणार नाहीत, हा फायदा वेगळाच.

कागद आणि त्याचा ग्रेन

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक पुस्तकं इथेच बिघडतात.

यंत्रावर कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेने झोपतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. कागद ग्रेनच्या दिशेने सहज वाकतो आणि आडवा वाकताना अडतो. हवेतला ओलावा किंवा गोंदातलं पाणी शोषल्यावर तो ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. म्हणून पुस्तकात सगळ्याचा ग्रेन, म्हणजे पानं, पुठ्ठा, कापड, अस्तर, सगळ्यांचा, कण्याला समांतर हवा. तो आडवा गेला तर गोंदाने बांधून ठेवलेला कणा एकीकडे आणि फुगू पाहणारा कागद दुसरीकडे अशी ओढाताण होते. माझ्या पहिल्या पुस्तकातल्या लाटा त्या ओढाताणीच्या.

ग्रेन ओळखायला ताव टेबलावर ठेवा, एक कड उचलून न मोडता हलकेच वाकवा आणि तळव्याने दाबून बघा. मग शेजारची कड तशीच. ज्या बाजूने कमी विरोध होतो, त्या वळणाच्या अक्षाला समांतर ग्रेन असतो. खात्री हवी असेल तर कागदाचा छोटा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो स्वतःच नळीसारखा गुंडाळतो, आणि नळीची लांबी ज्या दिशेला असते तो ग्रेन.

आता अडचण. आपला स्प्रेड ४० सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच, घडी २५ सेंमीच्या दिशेने. ग्रेनही त्याच दिशेने हवा. पण छपाईच्या कागदाचे कापलेले ताव बऱ्याचदा लांब बाजूच्या दिशेने ग्रेन असलेले येतात. एथ्री आकाराचा तयार ताव आणला आणि आडवा ठेवून मधोमध दुमडला की झालीच माझी चूक. उपाय सोपा आहे: लांब बाजूने ग्रेन असलेला एटू ताव, म्हणजे ४२० गुणिले ५९४ मिमी, घ्या आणि लांब बाजूच्या मध्यावर कापा. दोन एथ्री मिळतात आणि दोन्हींत ग्रेन छोट्या बाजूला. रोलवरचा कागद असेल तर त्यात ग्रेन सहसा रोलच्या लांबीच्या दिशेने धावतो. ६१ सेंमी रुंदीच्या रोलवर स्प्रेडची ४० सेंमीची बाजू रोलच्या रुंदीत टाकली की काम झालं.

कागदाचं वजन १७० ते २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) दरम्यान ठेवा. ३१० जीएसएमचा कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या तंतूंचा कागद, भिंतीवर लावायला देखणा, पण दुमडल्यावर घडीवर लेप तडकतो आणि गडद फोटोच्या मध्यावर पांढरी रेघ उमटते. शिवाय पानं दुहेरी, म्हणजे पुठ्ठा उलटल्यासारखं वाटतं. कागद आम्लमुक्त असावा. तो फार निळसर-पांढरा दिसत असेल तर त्यात बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे पांढरेपणा वाढवणारा रासायनिक पदार्थ, असतो. त्याचा परिणाम वर्षांगणिक ओसरतो आणि कागद पिवळसर वाटायला लागतो. मला तर नैसर्गिक, किंचित कोमट पांढराच आवडतो.

सायनोटाइपसारख्या, म्हणजे उन्हात निळे प्रिंट उमटवणाऱ्या, जुन्या प्रक्रियेचे हाताने काढलेले प्रिंट वापरणार असाल तर एक अपवाद आहे. आम्लापासून वाचवायला कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेले, म्हणजे बफर केलेले कागद एरवी चांगले, पण सायनोटाइपचा प्रशियन निळा रंग अल्कलीत फिका पडतो. त्याच्याशी लागून येणारा कागद बफर नसलेला हवा.

छपाई

४० गुणिले २५ सेंमीचा स्प्रेड ३०० पीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेलने, छापायचा तर फाइल सुमारे ४७२४ गुणिले २९५३ पिक्सेलची लागते, म्हणजे जवळजवळ १४ मेगापिक्सेल. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांना हे जमतं. जुन्या फाइलला ओढूनताणून मोठं करण्यापेक्षा तो फोटो एका पानात बसवा. फोटो काठापर्यंत जाणार असेल तर बाहेर ३ मिमी जास्त छापा, ते नंतर कापलं जाईल.

डाय शाईपेक्षा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा, पिगमेंट शाई घ्या, जास्त टिकते. ज्या कागदावर छापणार त्याचंच प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची फाइल, वापरा आणि पडद्याचा उजेड कमी करा. नवख्यांचे प्रिंट काळे येतात याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की पडदा फार उजळ ठेवलेला असतो. सगळे बारा ताव एकदम न छापता सगळ्यात गडद आणि सगळ्यात उजळ असे दोन आधी छापा, दिवसाच्या उजेडात बघा, मग बाकीचे. आणि दोन-तीन ताव जास्तीचे छापाच. कापताना हात घसरतो, तो नेमका शेवटच्या तावावर.

छापल्यावर निदान चोवीस तास ताव उघडे सुकू द्या. मी एकदा घाईने सहा तासांत गठ्ठा केला, तर वरच्या तावाच्या पाठीवर खालच्या आकाशाचा निळा धूसर ठसा उमटला. नंतर रचून ठेवताना मध्ये ग्लासिनसारखा गुळगुळीत कागद घाला.

घडी

हत्यारं फार लागत नाहीत: स्टीलची पट्टी, नवं पातं असलेला कटर, कापायची मॅट, काटकोन, रुंद ब्रश आणि बोन फोल्डर, म्हणजे कागद घोटायची हाडाची किंवा टेफ्लॉनची गुळगुळीत पट्टी. पातं दर दहा-बारा कापांनंतर बदला. बोथट पातं कागद कापत नाही, फाडतं.

तावाचा बरोबर मध्य शोधा. मोजून खूण करण्यापेक्षा टेम्प्लेट करा: २०० मिमीचं पान आणि बाहेरचे ३ मिमी मिळून २०३ मिमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी, ती प्रत्येक तावाच्या डाव्या कडेला भिडवायची. मोजताना दर वेळी अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि चौदा तावांत ते साचत जातं. खूण केलेल्या रेषेवर, पट्टी धरून, बोन फोल्डरच्या टोकाने चित्राच्या बाजूने एक हलकी खाच ओढा. जोर नको, एकदाच. मग डावी कड उजवीला भिडवून कोपरे जुळवा, बोटाने मध्यापासून बाहेर घडी बसवा, आणि वर साधा कागद ठेवून त्याच्यावरून घोटा. थेट घोटलं तर मॅट कागदावर चकाकी उमटते आणि ती जात नाही.

चांगली घडी हाताला कळते. बोट फिरवलं की कड सलग लागते, कुठे मऊ, कुठे टोचणारी असं होत नाही. चौदाही ताव घडी घालून एका रात्रीसाठी दोन फळ्यांत जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. शिकंजा असेल तर उत्तमच.

चिकटवणं

दोन पर्याय आहेत: पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) पीव्हीए, म्हणजे पांढरा गोंद, आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. खळ हळू सुकते, चूक सुधारायला वेळ देते आणि पुढे कधी पुस्तक दुरुस्त करायचं झालं तर पाण्याने सुटते. पीव्हीए पटकन धरतो, लवचीक राहतो, पण एकदा बसला की बसला. खळीत पाणी जास्त, त्यामुळे इंकजेट कागद फुगतो. म्हणून पानांना पीव्हीए, आणि कव्हरच्या कापडाला दोन्हींचं मिश्रण, असं मी करतो.

दुमडलेले ताव क्रमाने रचा, पहिला आणि शेवटचा कोरा. क्रम दोनदा तपासा. कणा आणि खालची कड टेबलावर ठोकून समतल करा, कण्याची घडी जराशी बाहेर राहील असे दोन पुठ्ठ्यांत दाबा आणि कण्यावर पीव्हीएचा पातळ हात द्या. तासाभराने दुसरा हात, आणि तो ओला असतानाच कण्याच्या मापाची पातळ, मजबूत कागदाची किंवा जाळीदार कापडाची पट्टी. सुकल्यावर पुढच्या कडा. शेजारशेजारच्या दोन पाठींमध्ये टाकाऊ कागद घालून फक्त ५ मिमी पट्टा उघडा ठेवा, त्याला गोंद लावा, टाकाऊ कागद लगेच काढून घ्या, मग पानं भिडवा. दर जोडीला नवा कागद. काटकसर करून तोच कागद पुन्हा वापरला की गोंद नेमका चित्रावर लागतो. सगळं झालं की मध्ये मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही कडा नव्या पात्याने, हलक्या हाताने, पाच-सहा फेऱ्यांत कापा. छापताना बाहेर ठेवलेले ३ मिमी इथे जातात.

कव्हर

२ मिमी जाडीचा पुठ्ठा घ्या. उंची पानांपेक्षा ६ मिमी जास्त, म्हणजे २५६ मिमी. रुंदी १९६ मिमी. कण्याची पट्टी म्हणजे गठ्ठ्याची जाडी अधिक दोन पुठ्ठे: आपल्या हिशेबात साधारण १२ मिमी, पण दाबलेला गठ्ठा प्रत्यक्ष मोजूनच कापा. पुठ्ठा आणि कणा यांच्यात दोन्हीकडे ७ मिमीची फट, तिथे कव्हर वळतं. कापड सगळ्या बाजूंनी २० मिमी जास्त, म्हणजे जवळपास ४६ गुणिले ३० सेंमी. कोपऱ्यावरचं कापड तिरकं कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट, म्हणजे ३ मिमी सोडा. कमी सोडलं तर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो.

शेवटी कोऱ्या तावाच्या बाहेरच्या पानाला गोंद लावून कव्हर त्यावर मिटायचं. मिटायचं आणि उघडून बघायचं नाही! मोह होतोच. ओलं असताना उघडलं की अस्तराला, म्हणजे चिकटवलेल्या त्या पानाला, कायमची सुरकुती पडते. आत मेणकागद, वर वजन, आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही.

प्रती, पुष्पिका आणि किंमत

किती प्रती करणार हे आधी ठरवा आणि पाळा. पाच, दहा, जे झेपेल ते. ३/१० असं पेन्सिलीने लिहिलं की दहाच्या पुढे जाता येत नाही, हा शब्द दिलेला असतो. स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन प्रती वेगळ्या, त्यांना आर्टिस्ट्स प्रूफ म्हणतात.

जुन्या हस्तलिखितांच्या शेवटी पुष्पिका असायची: कोणी लिहिलं, कधी, कुठे. तुमच्याही शेवटच्या पानावर ती असू द्या. कागद, शाई, बांधणीचा प्रकार, वर्ष, प्रतींची संख्या, सही. पुढे कधी कोणी हे पुस्तक दुरुस्त करायला घेतलं तर त्याला याचा सजावटीपेक्षा जास्त उपयोग होतो.

किमतीबद्दल माझं मत थोडं रोखठोक आहे. ‘हाताने केलेलं’ एवढ्यावर पैसे मागू नयेत; वाकडी घडीही हातानेच होते. कागद, शाई, वाया गेलेले ताव आणि घड्याळ लावून मोजलेले तास यांचा हिशेब ठेवा. त्यावर जे मोल चढतं ते दोन गोष्टींचं. एक, इथे पानावर असते ती मूळ प्रिंट, तिची नक्कल नव्हे. फोटोपुस्तकाची सुरुवातच अशी झाली. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून शेवाळांचे सायनोटाइप स्वतः काढून, मजकूरही त्याच निळ्या रंगात स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवून, भागाभागांनी वाटले. ज्याला मिळाले त्याने ते बांधून घेतले, म्हणून एक प्रत दुसरीसारखी नाही. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट, यांचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ १८४४ ते १८४६ दरम्यान सहा भागांत निघालं, त्यातली २४ छायाचित्रं म्हणजे हाताने चिकटवलेल्या खऱ्या प्रिंट. त्यातल्या बऱ्याच पुढे फिक्या पडल्या, आणि मोलाची दुसरी गोष्ट तिथून सुरू होते: टिकणं. विकत घेणारा विचारेल की हे पन्नास वर्षं राहील का, तेव्हा कागद, शाई, गोंद यांची नावं घेऊन उत्तर देता आलं पाहिजे. पुस्तक उन्हापासून दूर, कोरड्या जागी, शक्यतो पेटीत ठेवायला सांगा.

पहिली प्रत मात्र विकू नका. ती एखाद्या जाणत्या माणसाच्या हातात द्या, समोर बसा आणि काही बोलू नका. कुठे त्याचा अंगठा थांबतो, कुठलं पान तो परत मागे जाऊन बघतो, कुठे न बघताच पुढे जातो, ते वहीत लिहा. दुसऱ्या प्रतीचे ताव छापण्याआधी ती वही उघडा.